जोडशब्दांतील न लिहिलेलें पद

मराठी भाषेंत दोन नामें जवळ आणून नवा शब्द सहज घडवितां येतो. परंतु त्या नामांचा परस्परांशीं संबंध काय, हें शब्दांत बहुधा लिहिलेलें नसतें. तें वाचकानें ओळखावयाचें असतें. तो तें कसें ओळखतो, याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

'बैलगाडी', 'मालगाडी', 'आगगाडी' हे तीन शब्द घ्या. तिहींत शेवटचें पद प्रधान, वस्तु गाडीच. पण बैल गाडी ओढतो, माल गाडींतून जातो, आणि आगीच्या बळावर गाडी चालत असे. रचना एक, संबंध तीन. 'पुरणपोळी' म्हणजे पुरण भरलेली पोळी. येथें 'भरलेली' हें मधलें पद गळालें आहे. म्हणून वैयाकरण अशा समासास मध्यमपदलोपी म्हणतात.

शब्द अगदीं नवा असला म्हणजे वाचकास तीन साधनें उपयोगीं पडतात. पहिलें, ओळखीच्या शब्दांचा नमुना. १९३२ सालचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट होय. 'चित्रपट' शब्द ज्यास ठाऊक आहे, त्यास 'बोलपट' म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. दुसरें, वस्तूंचें ज्ञान. 'सर्पविष' सर्पाच्या दातांतून येतें. पण डबीवर 'उंदीरविष' असें लिहिलें असल्यास तें उंदरांस मारण्यासाठीं आहे हें आपण जाणतो, कारण उंदीर विषारी नव्हे. तिसरें, संदर्भ. "रत्नागिरीहून आंबागाडी सकाळीं आली" असें वाचतांच आंब्यांनीं भरलेली गाडी डोळ्यांपुढें उभी राहते; त्यासाठीं कोश उघडावा लागत नाहीं.

हीं साधनें अपुरीं पडलीं तर मात्र घात होतो. समासांतच नव्हे, तर 'चा-ची-चें' लावून जोडलेल्या शब्दांतही ही अडचण येते. 'तापाची गोळी' ताप घालविते. 'झोपेची गोळी' झोप आणिते. मग 'जुलाबाची गोळी' जुलाब थांबविणारी कीं करविणारी? लोकांच्या बोलण्यांत दोन्ही अर्थ आढळतात. रोग्याची शक्ति ओसरत असतां हा गोंधळ जिवावर बेतूं शकतो. यास्तव मुलास औषध आणावयास धाडतांना आईबापांनीं चिठ्ठींत 'जुलाब थांबविण्याची गोळी' असें स्पष्ट लिहावें, अशी आमची विनंति आहे.

विद्यार्थ्यांनीं निबंध लिहितांना हेंच ध्यानांत ठेवावें. गळालेलें पद वाचक स्वतः भरूं शकतो, तेथें जोडशब्द भाषेस शोभा देतो. तो चुकण्याचा संभव असेल, तेथें तें पद लिहून दाखविणें हें लेखकाचें कर्तव्य होय.