सोलर बसवताय? आधी बिलावरचं नाव बघा

केरी, हरमल, मांद्रे, मोरजीच्या सभासदांनो,

पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छपरावर सोलर बसवायला केंद्र सरकार १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान देतं. पण ते सोलर चालू झाल्यावर खात्यात येतं. आधी पैसे आपणच घालायचे, नाहीतर बँकेचं कर्ज.

अर्ज वीजबिल ज्याच्या नावावर त्याचाच. आपल्याकडे कितीतरी बिलं अजून आजोबांच्या नावावर! वारलेल्या माणसाचं अनुदान कुणाच्या खात्यात जाणार? म्हणून वीज खात्यात आधी नाव बदलून घ्या. छपरावर माडाची सावली किती पडते तेही बघा.

बर्फाच्या शेडला हे अनुदान नाही, फक्त राहत्या घराला. बर्फ, शीतगृहाचं मत्स्यसंपदा योजनेत येतं: ४० टक्के, महिलेच्या नावावर ६०. त्याची चौकशी मत्स्योद्योग खात्यात करा.

बिल घेऊन सोसायटीत या, फॉर्म भरून देतो.