तळणीचा सूर्य, गांधीबागेचं आकाश

नागपूरहून मुंबईकडे निघालेली गाडी पुलगाव सोडून वर्धा नदी ओलांडते आणि अमरावती जिल्ह्यात शिरते. धामणगावच्या अलीकडे तळणी नावाचं एक लहानसं स्टेशन लागतं. विदर्भात कॅमेरा घेऊन आकाशामागे लागलेल्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असायला हवं. २२ जानेवारी १८९८च्या दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून महाराष्ट्रात शिरली आणि वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे गेली. ती टिपायला बड्या वेधशाळांची माणसं ठिकठिकाणी पोचली होती. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर होते. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल होते, तिथेच पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवालाही आपली उपकरणं घेऊन आले होते. पुलगावला केंब्रिजचे न्यूअल होते. तळणीला मात्र ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची, म्हणजे मुख्यतः हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेची तुकडी उतरली.

त्या तुकडीत अॅनी माँडर होत्या. ग्रिनिच वेधशाळेत त्या गणितं करण्याच्या नोकरीत होत्या, पण १८९५मध्ये लग्न झालं आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरी नाही या नियमापायी ती सुटली. सहकाऱ्याशी, वॉल्टर माँडर यांच्याशीच त्यांनी लग्न केलं होतं. वॉल्टर यांची नोकरी अर्थातच शाबूत राहिली. तळणीला अॅनीबाईंनी आणलेल्या कॅमेऱ्याचं भिंग होतं जेमतेम दीड इंच व्यासाचं. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपास टिकली. तेवढ्यात त्यांनी घेतलेल्या छायाचित्रात सूर्याच्या प्रभामंडळाचा एक झोत सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे १४ पट, म्हणजे साठ लाख मैलांच्या घरात, दूर गेलेला उमटला. प्रभामंडळाचा इतका लांब झोत त्याआधी कुणाच्याही काचेवर आला नव्हता.

हा नशिबाचा खेळ नव्हता. लांब नाभीअंतराची मोठी दुर्बीण प्रतिमा मोठी करते, पण तोच अंधूक प्रकाश मोठ्या जागेवर पसरून विरळ होतो. लहान भिंग प्रतिमा लहान देतं, प्रकाश मात्र एकवटतो, आणि क्षेत्रही मोठं सामावतं. कुठल्या वस्तूसाठी कुठलं भिंग, हे अॅनीबाईंना नेमकं कळलं होतं. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला स्त्रियांना फेलो करून घ्यायला पुढे १९१६ साल उजाडावं लागलं. याच तुकडीतले जॉन एव्हरशेड तेव्हा एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते आणि सूर्याचा अभ्यास फावल्या वेळात करत; तेच पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेत आले.

आता नागपूरच्या गांधीबागेत येऊ. कापडाच्या घाऊक बाजाराची शटरं रात्री खाली येतात, पण दिवे चालूच असतात. इतवारी, महाल, गांधीबाग या पट्ट्यातल्या गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही, हे सांगायला कुठलं मोजमाप नको. चालत जाण्याजोग्या अंतरावर गांधीसागरापाशी रमण विज्ञान केंद्राचं तारांगण आहे. इथल्या कितीतरी मुलांनी आकाशगंगा पहिल्यांदा पाहिली ती तिथल्या घुमटावर.

तरीही इथून फोटो निघतात, आणि चांगले निघतात. चंद्र, गुरू, शनी यांना शहरी उजेडाची फारशी बाधा होत नाही. २१ डिसेंबर २०२०ला गुरू आणि शनी एका अंशाच्या दहाव्या हिश्शाइतके जवळ आले होते. ती जोडी भरवस्तीतूनही टिपता येत होती. खरी कसोटी लागते अंधूक तेजोमेघांची. हिवाळ्यात मृग नक्षत्रातला तेजोमेघ नागपूरहून दक्षिणेला ६३ अंशांवर, म्हणजे चांगलाच उंच येतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे स्थिर तिवईवर, २०० मिलिमीटरच्या लेन्सने दोन-अडीच सेकंदांपलीकडे शटर उघडं ठेवलं की तारे लांबट होतात. म्हणून तशाच छोट्या छोट्या फ्रेम घ्यायच्या आणि संगणकावर एकावर एक रचायच्या. या रचण्याला सगळे स्टॅकिंगच म्हणतात. शंभर फ्रेम रचल्या की चित्रातली खरखर दहापट कमी होते. एकट्या फ्रेममध्ये करड्या आकाशावर नुसता फिकट डाग असतो. रचलेल्या चित्रात त्याच डागाला पंख फुटतात.

ताऱ्यांमागे फिरणारा ट्रॅकर घेतला की त्याच्या जुळवणीला ध्रुवतारा लागतो. नागपूरच्या अक्षांशामुळे तो जेमतेम २१ अंशांवर असतो. उत्तरेला चार मजली इमारत असली की तो गेलाच तिच्याआड. मग होकायंत्र आणि अंदाज यांवर काम चालवावं लागतं. उन्हाळ्यातली अडचण वेगळी. आकाशगंगेचा गाभा मे महिन्यात मध्यरात्रीनंतर छान वर येतो, पण आपल्याकडे तेव्हा रात्रीही झळा असतात, आणि सेन्सर तापला की चित्रात ठिपके वाढतात.

रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. जुन्या सोडियम दिव्यांचा उजेड पिवळ्या रंगाच्या अरुंद पट्ट्यात असे. योग्य फिल्टरने तो बराचसा गाळता येई. पांढरा एलईडी सगळ्या रंगांत पसरतो. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल रंग तेवढाच घेणारा अरुंद फिल्टर आजही उपयोगी पडतो, पण दीर्घिकांना त्याचा फायदा नाही, कारण त्यांचा प्रकाश साऱ्या रंगांचा. एलईडीने वीज वाचते, हे खरंच. वाचलेल्या विजेवर आपण आणखी दिवे लावले आणि त्यांची तोंडं आकाशाकडे केली, ही चूक आपली.

ती सुधारता येते, हे याच जिल्ह्यात सिद्ध झालंय. जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्रप्रकल्प भारतातला पहिला डार्क स्काय पार्क म्हणून जाहीर झाला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून उजेड जमिनीकडे वळवण्यात आला. गावं अंधारात बुडाली नाहीत. उजेड हवा तिथे पडू लागला, इतकंच.

हौशी माणसाच्या कॅमेऱ्याची किंमत २ एप्रिल २०२२च्या रात्रीही कळली. गुढीपाडव्याच्या त्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळत्या रेषा गेल्या आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं येऊन पडलं. लोकांनी मोबाइलवर घेतलेली चित्रणं लगेच सगळीकडे पोचली, आणि तो चिनी रॉकेटचा अवशेष असावा असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

फोटोसाठी काळोखी रात्र शोधायची तर लक्ष्मीपूजन अमावास्येला येतं, पण त्या रात्री धूर असतो. भाऊबीजेनंतरच्या दोन-तीन रात्री मात्र चंद्रकोर लवकर मावळते. रात्री दहाच्या सुमारास देवयानी दीर्घिका नागपूरच्या जवळजवळ माथ्यावर असते, आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षांवर. पेंचकडे जमलं तर परवानगी असलेल्या जागेवरूनच पाहा. नाही जमलं, तर साधी लेन्स आणि तिवई घेऊन आपल्याच गच्चीवर जा. फक्त वर जाण्याआधी गच्चीवरचा दिवा बंद करा, आणि शेजाऱ्यांनाही त्यांचा बंद करायला सांगा.