गाडी सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे

पहाटे भाजी टेम्पोत भरायची, मांजलपूरहून निघायचे आणि उजाडायच्या आत सयाजीपुऱ्याचे मार्केट गाठायचे, हा आपल्यापैकी काहींचा नेहमीचा क्रम. पूर्वी बैलाला पाणी दाखवल्याशिवाय आपण गाडी जुंपत नसू. टेम्पोला मात्र तसाच पिटाळतो.

एका मे महिन्यात आमचा टेम्पो वाटेत तापला. घाईने रेडिएटरचे झाकण उघडले आणि उकळत्या पाण्याचा फवारा मुलाच्या हातावर आला. तेव्हापासून गाडी गार असताना, निघण्यापूर्वीच आम्ही सर्व पाहून घेतो.

रेडिएटर : आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून १०० अंशांपुढे तापूनही ते उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो व ते उसळते. तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. बाजूच्या डब्यावरील दोन खुणांमध्ये पातळी असावी. बोअरचे पाणी नको, त्यातील क्षार आत साचतात. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच घालावे. भाजल्यास जखमेवर २० मिनिटे साधे गार पाणी सोडावे. हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. बऱ्याच कूलंटमधले रसायन चवीला गोड पण विषारी असते व मूत्रपिंडे निकामी करते. सांडलेले लगेच धुवावे, डबा मुलांच्या व जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये.

इंजिन ऑइल : गाडी सपाट जागी उभी असावी. पट्टी काढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी. ऑइल दोन खुणांमध्ये हवे. कमी असल्यास थोडे थोडे घालावे. जास्त झाले तर फेस येऊन इंजिनाला अपाय होतो.

ब्रेक ऑइल : पातळी एकाएकी उतरली तर कुठेतरी गळती आहे असे समजावे. नुसते ऑइल भरून निघू नये, मिस्त्रीला दाखवावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावे. यात इंजिन ऑइल मुळीच घालू नये. रबरी भाग फुगतात व ब्रेक लागत नाही.

युरिया : २०२० पासूनच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. म्हणून कोणी शेतातला युरिया पाण्यात कालवून भरू नये. आपल्याकडच्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप असतो. त्याने यंत्रणा बिघडते. बाजारातील तयार द्रावणच घ्यावे.

शेवटी जळक्या ऑइलविषयी. कित्येक घरी ते गुरांच्या जखमेला किंवा स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्याला लावतात. त्यात कर्करोगास कारण होणारे पदार्थ असतात. अंगाला लागल्यास साबणाने धुवावे. विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नये, गॅरेजमध्ये परत द्यावे.

एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात. त्याने मार्केटला उशीर होत नाही, आणि घरी परतणारा माणूस धडधाकट परततो.