करवीरचें दप्तर आणि रयतेचा अविश्वास

कसबा बावडा येथील एक वृद्ध शेतकरी गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे दोन कागद घेऊन आले. एक, वाडवडिलांपासून रुमालांत बांधून ठेविलेला मोडी कागद. दुसरें, त्याच मजकुराचें एका कचेरींतून मिळालेलें बालबोध लिप्यंतर. दोहोंतील जमिनीचा आंकडा जुळत नव्हता. मूळ कागदांत चारच्या आंकड्यापुढें ॥। अशी खूण होती, म्हणजे पावणेपांच बिघे. लिप्यंतरकारानें त्या रेघा विरामचिन्ह समजून गाळल्या व नुसते चार बिघे लिहिले. मोडी लेखनांत विरामचिन्हें नसतात हें ज्यास ठाऊक आहे त्याच्या हातून ही चूक होणार नाहीं. आम्हीं खूण समजावून सांगितली. त्यावर ते गृहस्थ म्हणाले, "मास्तर, तुम्ही म्हणताय तसंच असंल. पर मला मोडी वाचाया येत न्हाई. त्यांचं खरं का तुमचं खरं, हे म्या कशावरनं ठरवायचं?"

प्रश्न आम्हांस बोचला, पण रास्त वाटला. सरकारी कागदावर लोकांचा विश्वास बसत नाहीं अशी तक्रार आज सर्वत्र ऐकूं येते व तिचें खापर बहुधा एखाद्या लांचखाऊ कारकुनावर फुटतें. करवीर राज्याचीं कागदपत्रें चाळतांना आमचें मत निराळें झालें आहे. माणूस वाईट म्हणून अविश्वास उत्पन्न होतो, हें अर्धेंच खरें. ज्याच्यावर कागद बंधनकारक त्यास तो पाहतां, ऐकतां व खोडून काढतां येत नाहीं, तेथें भला माणूस बसविला तरी अविश्वास जात नाहीं.

याज्ञवल्क्यस्मृतींत लिखित, भुक्ति आणि साक्षी अशीं तीन प्रमाणें मानिलीं आहेत. जुना महजर पाहिला म्हणजे या तिहींचा मेळ कसा घातला जाई तें दिसतें. वतनाचा तंटा गोतापुढें येई. वादी-प्रतिवादी आपापली तकरीर देत. भोगवट्याची चौकशी होई, साक्षी होत. आणि निवाडा कागदावर आला म्हणजे जमलेले लोक त्यावर निशाण्या करीत. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा या निशाण्या संग्राहक मंडळींच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. आपण त्या हौसेनें पाहतों; कोणी कोणी तर निशाण्यांवरूनच कागदाचें मोल ठरवितात. परंतु ज्यास अक्षरओळख नव्हती त्याच्या समक्ष निवाडा झाला, याची ती खूण होय. पूर्वीचें तें सारें सोनें असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हों. गोत म्हणजे वतनदारांचें गोत. उपऱ्या कुळास तेथें आवाज नव्हता. तथापि निवाडा चारचौघांत झाला कीं नाहीं, एवढें तरी तो कागद स्वतःच सांगतो. पुढील काळांतले कचेरीचे हुकूम तेवढेंहि सांगत नाहींत.

याचें सर्वांत कडू उदाहरण १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडाचें. राजे अल्पवयी होते व इंग्रज सरकारनें दाजी कृष्ण पंडित यांस कारभारावर नेमिलें होतें. सामानगड, भुदरगड, पन्हाळा इत्यादि किल्ल्यांचे गडकरी पिढ्यान्‌पिढ्या गडाच्या चाकरीबद्दल जमिनी खात आले होते. त्या जमिनींची व्यवस्था गडाकडून काढून मामलतदारांकडे देण्याचें ठरलें. कारभाऱ्यांच्या दृष्टीनें हा केवळ हिशेबाच्या सोयीचा फेरफार. गडकऱ्यांच्या दृष्टीनें जमीन जाण्याची पहिली पायरी. या दोन समजुतींमध्यें बोलणें होण्याजोगी एकहि जागा उरली नव्हती, आणि आमच्या मतें बंडाचें मूळ तेथें आहे. ज्या मामलतदाराविषयीं भय, त्याच्याच वरिष्ठांकडे दाद मागावयाची! सामानगडाचे दरवाजे बंद झाले, लोण करवीर शहरापर्यंत पोंचलें, खुद्द दाजी पंडितांस अटकेंत पडावें लागलें आणि कर्नल ओव्हान्स पन्हाळ्यावर कैदेंत राहिले. १३ ऑक्टोबर १८४४ रोजीं सामानगड पडला व १ डिसेंबर रोजीं पन्हाळा. नंतर किल्ल्यांची मोडतोड झाली आणि बंड मोडण्याचा खर्च करवीर राज्याच्याच माथीं बसला. इंग्रजी अहवालांत या प्रकरणीं बंडखोरांचा उद्दामपणा पुष्कळ वर्णिला आहे. गडकऱ्यांनीं आधीं कोणाकडे अर्ज करावयास हवा होता, हें मात्र कोणी लिहीत नाहीं.

पुढचा टप्पा शाहू महाराजांचा. ज्या बावड्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यांत २६ जून १८७४ रोजीं त्यांचा जन्म झाला, त्याच गांवचे हे आमचे गृहस्थ. म्हणून हा भाग सांगतांना आम्हांस विशेष वाटतें. महाराजांनीं १९१८ सालीं कुलकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमिले. आमचें स्वतःचें घराणें कुलकर्ण्याचें. त्या निर्णयाचा राग आमच्या घरांत दोन पिढ्या टिकला व लहानपणीं आम्हीं तो पोटभर ऐकला आहे. वतन ही मिळकत, ती राजानें कशी काढावी, हा तेव्हांचा मुख्य आक्षेप होता. आज आम्हांस तो टिकण्याजोगा वाटत नाहीं. गांवचें दप्तर कुलकर्ण्याच्या घरीं, लिपी मोडी, रयत निरक्षर, आणि कुलकर्णी चुकला तर त्याच्या जागीं दुसरा आणण्याचा अधिकार गांवास नाहीं. पुष्कळदा सावकारीहि त्याच वाड्यांत. अशा ठिकाणीं प्रामाणिक कुलकर्ण्यावर सुद्धां विश्वास ठेवण्याचें कारण रयतेस दाखवितां आलें नसतें, आणि प्रामाणिक कुलकर्णी होते हें आम्ही आग्रहानें सांगूं.

पण तलाठी आला म्हणून कोडें सुटलें काय? तलाठी कुलकर्ण्यासारखा जन्मानें लादलेला नव्हता, बदलतां येत होता, ही मोठी सुधारणा खरी. तरी तो बदलणारा दरबार होता, गांव नव्हे. महाराजांवर लोकांचा विश्वास होता तो त्यांच्या व्यक्तीवर. कोणीहि गाडी अडवावी व गाऱ्हाणें सांगावें अशी त्यांची ख्याति होती. ६ मे १९२२ रोजीं महाराज गेले आणि गाडी अडविण्याचा मार्गहि गेला. राजा चांगला असतांना व्यवस्था करून ठेवावयाची असते, कारण तेव्हांच ती करावीशी कोणास वाटत नाहीं. १९३९ सालीं माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार आदि मंडळींनीं प्रजा परिषदेच्या द्वारें जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली ती याच उणिवेवर बोट ठेवून. त्याच वर्षीं औंधच्या पंतप्रतिनिधींनीं आपण होऊन प्रजेस राज्यघटना दिली व तींत गांवपंचायतींना पायाचें स्थान दिलें. करवीरांत तसें घडलें नाहीं. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें आणि तो वाद तेथेंच थांबला.

त्यानंतर मार्ग सोपा झाला पाहिजे होता. मतदान आलें, २००५ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. संगणकीय सातबाऱ्यांतील चुका काढण्यासाठीं २०१७ सालीं गांवोगांव चावडीवाचन झालें, तें आम्हांस विशेष मोलाचें वाटतें, कारण महजराची रीतच तींत नव्या वेषानें परत आली: उतारा मोठ्यानें वाचावयाचा आणि ज्याचा त्यानें तेथेंच हरकत घ्यावयाची. उलट बावडा ज्या महानगरपालिकेच्या हद्दींत आहे तेथें २०२० सालीं लोकनियुक्त सभासदांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षें कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. प्रशासक कार्यक्षम होते कीं नव्हते, हा आमचा मुद्दा नाहीं. गटाराचा वा घरपट्टीचा प्रश्न घेऊन जाण्यास वॉर्डांत निवडलेला माणूस नव्हता, हा आहे.

२०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमिली गेली, तेव्हांपासून मोडी वाचणारांस एकाएकीं मागणी आली आहे. एका अक्षरावर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून राहूं लागला. अशा वेळीं लिप्यंतराशेजारीं मूळ कागदाची प्रतिमा असावी, वाचणाऱ्याचें नांव व सही असावी, दुसऱ्या वाचकाकडून तें पडताळण्याचा हक्क अर्जदारास असावा, आणि हें सर्व ग्रामसभेंत किंवा वॉर्डाच्या सभेंत वाचून दाखवावें, एवढी मागणी आम्ही करतों. हा नियम आम्हां संग्राहकांसहि लागूं आहे. गांवांचीं कित्येक दप्तरें आज आमच्या कपाटांत आहेत. ज्यांच्या पूर्वजांचे तंटे त्यांत निवाडले गेले त्यांस तीं पाहूं द्यावयास आपण किती वेळां कांकूं केली आहे, हें ज्याचें त्यास ठाऊक. आम्हीं केली आहे.

बावड्याच्या गृहस्थांस उत्तर द्यावयाचें राहिलें होतें. आम्हीं मोडी जाणणारे दुसरे दोघे बोलाविले. त्यांस आमचें वाचन सांगितलें नाहीं, कीं कचेरीचें दाखविलें नाहीं. शेतकऱ्याचे मुलगे व शेजारच्या बांधाचे दोन खातेदार समोर बसले, आणि प्रत्येकानें स्वतंत्र कागदावर आपलें वाचन लिहिलें. जमिनीच्या आंकड्यावर तिघांचें एकमत झालें, पावणेपांच. एका साक्षीदाराच्या नांवावर झालें नाहीं, तें तसेंच नमूद केलें. ॥। या खुणेचा अर्थ तेव्हां मुलांनीं पाटीवर गिरवून घेतला. सर्वांच्या सह्या होऊन ते कागद त्याच कचेरींत अर्जासोबत दाखल केले आहेत. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.