मराठवाड्यातील नाणेसंग्रह

जुनी व नवी नाणी मिळवणे, ओळखणे, त्यांची वर्गवारी करणे आणि ती जतन करणे या छंदास नाणेसंग्रह असे म्हणतात. नाण्यांच्या शास्त्रीय अभ्यासास नाणकशास्त्र अशी संज्ञा आहे. मराठवाड्यात सातवाहन, यादव, दिल्लीचे सुलतान, मोगल, मराठे व हैदराबादचे निजाम अशा अनेक राजवटींची नाणी चलनात होती. त्यामुळे या प्रदेशातील संग्राहकास सुमारे दोन हजार वर्षांचा चलन-इतिहास आपल्याच परिसरात अभ्यासता येतो. मात्र नाण्यावरील मजकुराइतकेच महत्त्व ते कोठे, कशासोबत व कोणत्या थरात सापडले या माहितीला असते. ही माहिती हरवली की उरते ती केवळ धातूची चकती व तिची बाजारातील किंमत.

राजूर–भोकरदन परिसर

राजूर हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील गाव जालना–भोकरदन मार्गावर वसले असून तेथील राजुरेश्वर गणपतीच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. तालुक्याचे ठिकाण असलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. भोगवर्धनाच्या दात्यांचे उल्लेख सांची व भारहूत येथील स्तूपांवरील लेखांत येतात. नागपूर विद्यापीठ व मराठवाडा विद्यापीठ यांनी भोकरदन येथे केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष मिळाले. त्यांत नाण्यांबरोबरच मणी, मृण्मूर्ती व एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती होती. या मूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी साम्य आहे. उत्खननात नाणे थरासह मिळते. नाण्यावरून थराचा काळ ठरतो आणि थरातील इतर वस्तूंवरून नाण्याच्या वापराचा काळ कळतो. नांगरटीत वर आलेल्या सुट्या नाण्याच्या बाबतीत हा परस्परसंबंध तुटलेला असतो.

राजूर व भोकरदनचा भाग निजामाच्या राज्यातील औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला व १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जालना जिल्हा अस्तित्वात आला.

प्रदेशात चाललेली नाणी

*सातवाहन नाणी.* ही मुख्यतः शिसे, तांबे, पोटीन (तांबे, कथील व शिसे यांचा मिश्रधातू) आणि चांदी यांची आहेत. हत्ती, कमानींचा डोंगर व एकमेकांना जोडलेल्या चार वर्तुळांचे 'उज्जैन चिन्ह' ही त्यांवरील नेहमीची चिन्हे होत. लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत असतात. राजाचे मुख दाखवणारी चांदीची नाणी तुलनेने कमी मिळतात.

*यादव नाणी.* देवगिरीच्या यादवांचे सोन्याचे नाणे 'पद्मटंक' या नावाने ओळखले जाते. ते किंचित वाटीसारखे खोलगट असून मध्यभागी कमळ व भोवती 'श्री', शंख आणि राजाचे नाव असे वेगवेगळे ठसे असतात.

*सुलतानी व मोगल नाणी.* मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरीस राजधानी नेऊन तिला दौलताबाद हे नाव दिले. पुढे १३३० च्या सुमारास त्याने चांदीच्या टंकाऐवजी पितळ व तांब्याची नाणी चालवली. धातूची किंमत दर्शनी मूल्यापेक्षा फारच कमी असल्याने लोक घरोघरी नाणी पाडू लागले, अशी नोंद समकालीन इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने केली आहे. अखेर ही नाणी मागे घ्यावी लागली. त्यांपैकी काही दौलताबादच्या टांकसाळीत पाडलेली आहेत. मोगल काळात औरंगाबादला टांकसाळ होती. औरंगजेबाच्या उत्तरकाळातील व त्यानंतरच्या नाण्यांवर या शहराचे नाव 'खुजिस्ता बुनियाद' असे येते.

*शिवराई.* छत्रपती शिवाजी महाराजांच्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. महाराजांच्या नंतरही दीर्घकाळ शिवराया पाडल्या गेल्या. दोन आडव्या रेघा असलेला 'दुदांडी' प्रकार उत्तरकालीन आहे. त्यामुळे हाती आलेली प्रत्येक शिवराई शिवकालीन असते असे नाही.

*हाली सिक्का.* निजामाच्या राज्याचे चलन 'हाली सिक्का' म्हणून ओळखले जाई. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात, १९०३ पासून, चारमिनारचे चित्र असलेली यंत्रावर पाडलेली नाणी निघू लागली. चारमिनारच्या कमानीत राजाच्या नावाचे आद्याक्षर कोरलेले असे. 'मीम' हे अक्षर महबूब अली खान यांचे, तर 'ऐन' हे सातवे निजाम उस्मान अली खान यांचे. नाण्यावरील वर्ष हिजरी सनाचे असते. हिजरी वर्षास ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवल्यास इसवी सन स्थूलमानाने मिळतो. उदाहरणार्थ, हिजरी १३२१ म्हणजे इ.स. १९०३–०४.

ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयास या भागात 'कलदार' म्हणत. सहा कलदार रुपयांस सात हाली रुपये, म्हणजे शंभर कलदारास सुमारे ११६ हाली रुपये, असा विनिमयाचा दर होता. भोकरदन तालुक्याला लागून असलेल्या बुलढाण्याकडील वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे होता व तेथे कलदार चाले. त्यामुळे सीमेलगतच्या देवाणघेवाणीत हा फरक ध्यानात घ्यावा लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्यानंतरही काही वर्षे हाली सिक्का भारतीय रुपयासोबत चालत राहिला.

*ब्रिटिश व स्वतंत्र भारताची नाणी.* ब्रिटिश रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा होते व त्यात ९१.७ टक्के चांदी असे. १९४० पासून चांदीचे प्रमाण ५० टक्क्यांवर आले आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया निघाला. १९३९ सालचा रुपया दुर्मीळ मानला जातो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती लागू होऊन रुपयाचे १०० 'नये पैसे' झाले. 'नये' हा शब्द १९६४ मध्ये गळला. २५ पैसे व त्याहून कमी मूल्याची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. आजच्या नाण्यांवर सालाखाली टांकसाळीची खूण असते : मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी व नोएडाचा ठिपका. कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते.

साठ्यांचे ऐतिहासिक महत्त्व

पुरलेला साठा अखंड अभ्यासला गेल्यास काय हाती लागते, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपान याची चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. गौतमीपुत्राने क्षहरातांचा नाश केला, असे नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात म्हटले आहे. त्या विधानास या साठ्याने स्वतंत्र पुरावा दिला. यातील एखादे नाणे एकटे मिळाले असते तर त्यावरील दुहेरी ठसा अपवाद म्हणून बाजूस पडला असता. हजारोंच्या संख्येमुळे ते राज्याचे धोरण असल्याचे कळले.

दुसरे उदाहरण वाशीम जिल्ह्यातील (त्या काळी अकोला जिल्हा) तऱ्हाळा येथील आहे. तेथे १९३९ मध्ये सातवाहनांची सुमारे दीड हजार पोटीन नाणी मिळाली. वा. वि. मिराशी यांनी त्यांचे वाचन प्रसिद्ध केले. पुराणांतील वंशावळींत नसलेली कुंभ, कर्ण व शक सातकर्णी ही राजनामे त्यातून उजेडात आली. हा साठा मोडीत गेला असता तर हे राजे इतिहासास अज्ञातच राहिले असते.

घराघरांतील नाणी

लक्ष्मीपूजनास चांदीचे जुने रुपये पूजण्याची प्रथा अनेक कुटुंबांत आहे. पुतळ्यांची माळ, रुपयांची हमेल आणि बंजारा स्त्रियांच्या पोशाखातील नाणी यांमुळेही जुने चलन टिकून राहिले. अशा नाण्यांना कडी डाखलेली किंवा भोक पाडलेले असते. त्यामुळे त्यांचे बाजारमूल्य घटते, परंतु नाण्याचा समाजातील वापर दाखवणारा पुरावा म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही.

पारख व जतन

पारख करताना वजन, व्यास, धातू, अक्षरांचे वळण व काठ ही लक्षणे पाहतात. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्यावर काठाला जोडाची रेघ, पृष्ठभागावर बारीक छिद्रे व बोथट अक्षरे दिसतात.

नाणे घासून चकचकीत करणे ही नवशिक्यांची सर्वांत महाग पडणारी चूक आहे. चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांची पावडर यांमुळे वरचा संरक्षक थर व बारीक तपशील कायमचे नष्ट होतात. नाणे नेहमी काठाला धरावे. पीव्हीसीच्या पाकिटांतून निघणारी द्रव्ये धातूस अपाय करतात. लाकडी खणातील आम्लयुक्त वाफेने शिशाच्या नाण्यांवर पांढरी भुकटी धरते, म्हणून सातवाहनांची शिशाची नाणी अशा खणात ठेवू नयेत. तांब्याच्या नाण्यावर हिरवी भुकटी पसरू लागल्यास ते इतरांपासून वेगळे करावे. प्रत्येक नाण्यासोबत वजन, प्राप्तीचे ठिकाण, दिनांक व कोणाकडून मिळाले याची नोंद ठेवणे आवश्यक असते.

संग्राहकांतील गप्पा, अफवा व फसवणूक

अनोळखी नाण्याचे छायाचित्र दाखवून ओळख विचारणे, एकमेकांचे वाचन खोडून काढणे व थट्टा करणे हा संग्राहकांच्या संवादाचा नित्याचा भाग आहे. त्यातून नवोदितास पारख शिकता येते. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ साल आणि राम दरबार किंवा हनुमान यांचे चित्र असलेले 'नाणे' हा थट्टेचा ठरलेला विषय होय. कंपनीने असे नाणे कधीही काढले नाही. ते अलीकडे बनवलेले आहे व त्यास नाणकशास्त्रीय मूल्य नाही.

'राईस पुलर' हा प्रकार मात्र थट्टेवर थांबत नाही. तांदळाचे दाणे ओढणारे तांब्याचे नाणे कोट्यवधींना विकले जाईल असे सांगून लोकांकडून 'तपासणी'साठी रकमा उकळल्या जातात. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्यास लाखो रुपये मिळतात, ही अफवाही सर्वत्र पसरलेली आहे. हे नाणे भारत सरकारने काढलेले साधे स्मारक नाणे आहे. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क किंवा दलाली मागितली जात असल्याचे लक्षात आल्यावर भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला. बँक असे व्यवहार करत नाही व त्यासाठी कोणास अधिकारही देत नाही, असे तिने स्पष्ट केले.

कायदेशीर बाबी

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. ऐवज बेवारस ठरल्यास व वेगळा करार नसल्यास त्याचा तीन-चतुर्थांश भाग शोधणाऱ्यास आणि एक-चतुर्थांश जागामालकास मिळण्याची तरतूद आहे. शासनास तो हवा असल्यास धातूचे मूल्य व त्याचा एक-पंचमांश इतकी अधिक रक्कम देऊन घेता येतो. सर्व काही जप्त होईल या समजापोटी साठे गुपचूप वितळवले जातात. प्रत्यक्षात कायद्याने शोधणाऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे.

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत व पुरावशेषांच्या व्यापारासाठी परवाना लागतो. नाणी अधिनियम, २०११ नुसार चलनी नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे.

अभ्यासकेंद्रे

भारतीय नाणकशास्त्र परिषद १९१० मध्ये अलाहाबाद येथे स्थापन झाली. नाशिकजवळील अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था व नाण्यांचे संग्रहालय असून तिच्या उभारणीत परमेश्वरीलाल गुप्त यांचा मोठा वाटा होता. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचा मोठा संग्रह आहे, तसेच रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे.

भाषेतील नाणी

चलनातून गेलेली नाणी मराठीत अजून चालतात. 'फुटकी कवडी', 'दमडीचाही उपयोग नाही', 'सोळा आणे खरे', 'बंदा रुपया', 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' ही त्याची उदाहरणे होत. बारा आणे व चार आणे मिळून एक रुपया होतो, हे दशमान पद्धतीत वाढलेल्या पिढीस सांगावे लागते. आण्याचे एक नाणे हाती दिले की ती म्हण उलगडते.