ऋतुमानाप्रमाणे वाचन व अवलोकन

ग्रंथालयात प्रथमच येणारा विद्यार्थी ग्रंथपालांस बहुधा एकच प्रश्न करतो : ‘मी काय वाचू?’ प्रश्न साधा, परंतु उत्तर सोपे नव्हे. कपाटांच्या रांगा पाहून तो गोंधळतो, हाती येईल ते पुस्तक नेतो, चार पाने चाळतो आणि कंटाळून परत करतो. असे दोनतीन वेळा घडले म्हणजे वाचन हे आपले काम नव्हे, अशी त्याची समजूत होऊन बसते. आमच्या सोलापुरात यंत्रमाग व विडी यांवर गुजराण करणाऱ्या कित्येक घरांत क्रमिक पुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक नसते. अशा घरातील मुलाची शाळा सुटल्यावर त्याचे वाचनही सुटेल की काय, हे पुष्कळदा त्या पहिल्या उत्तरावर अवलंबून असते.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपली पाच सूत्रे प्रसिद्ध केली. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा व प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, असा त्यांतील दोन सूत्रांचा आशय आहे. ही गाठ घालून देणे हेच ग्रंथपालाचे खरे काम. आणि त्यात वेळ साधण्यास मोठे महत्त्व आहे. जमिनीस वाफसा आल्यावाचून शेतकरी पेरणी करीत नाही. त्याचप्रमाणे पुस्तकातील विषय डोळ्यांसमोर असताना ते हाती दिले, तर मनात लवकर रुजते. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांसाठी ऋतूंच्या क्रमाने काही पुस्तके, आणि त्यांच्या जोडीने पाहण्याजोग्या काही गोष्टी, येथे सुचवीत आहोत.

उन्हाळ्याच्या सुटीत व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) वाचावी. धनगरांच्या एका लहानशा वस्तीत एक तरुण मास्तर येतो, शाळा उभी करतो, आणि पुढे दुष्काळ पडून वस्ती ओस पडते, एवढीच ही कथा. हा माणदेश आपल्या सांगोल्याकडचाच मुलूख. पाण्यासाठी घागरी घेऊन रांगेत उभे राहिलेल्या मुलास या पुस्तकातील दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. यावर अमोल पालेकर यांनी १९९५ साली चित्रपट काढला आहे. तो मागाहून पाहावा.

आषाढात आळंदी व देहू येथील पालख्या आपल्याच जिल्ह्यातून पंढरपुरास जातात. त्या दिवसांत दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४) हे पुस्तक घ्यावे. लेखक स्वतः वारीबरोबर चालला, आणि जे दिसले ते त्याने भाबडेपणा न करता व हेटाळणीही न करता लिहिले. जोडीला प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) हा बोलपट पाहावा. दिग्दर्शक दामले व फत्तेलाल यांच्या या कृतीचा व्हेनिस येथील महोत्सवातही गौरव झाला होता.

दिवाळीत वाचनालयांत दिवाळी अंकांची गर्दी होते. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली ही प्रथा मराठीचे एक भूषणच होय. कादंबरीस भिणाऱ्या वाचकाने येथून एकेक कथा वाचीत आरंभ करावा. याच सुमारास, १० ऑक्टोबर रोजी, सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची जयंती येते. १९३८ साली ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच निवर्तले. त्यांच्यावरील व्ही. शांताराम यांचा हिंदी चित्रपट (१९४६) पाहावा. शहरातील त्यांचे स्मारकही पाहावे, आणि इतिहास कोठे संपतो व नाट्य कोठे सुरू होते, याची चर्चा वर्गात करावी.

हिवाळ्यात अवलोकनासाठी पडद्याची गरज नाही. हिप्परग्याच्या तलावावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. नान्नजचे माळरान तर माळढोकासाठीच राखलेले अभयारण्य आहे, जरी तो पक्षी आता क्वचितच दृष्टीस पडतो. तिकडे जाण्यापूर्वी मारुती चितमपल्ली यांचे ‘पक्षी जाय दिगंतरा’ अवश्य चाळावे. सोलापुरात १९३२ साली जन्मलेला व २०२५ साली येथेच देह ठेवलेला हा लेखक वनखात्याच्या नोकरीत राहून रानाची भाषा शिकला.

नाताळच्या सुटीसाठी आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ राखून ठेवली आहेत. यांचा पहिला भाग १९३४ साली निघाला. विजया मेहता यांनी १९८२ साली त्यांवर चित्रपटही केला. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या. अक्षरओळख त्यांना लग्नानंतर झाली. तरी त्यांचे हे आत्मचरित्र मराठीतील अव्वल ग्रंथांत गणले जाते, आणि त्याची भाषा अशी की, चुलीपाशी बसून कोणी बोलत आहे असे वाटावे.

एक सामान्य नियम असा की, पुस्तक आधी व चित्रपट नंतर. कारण पडद्यावरील चेहरे एकदा मनात बसले की स्वतःच्या कल्पनेस वाव उरत नाही. परंतु ज्यास वाचन जड जाते, त्याने क्रम उलटा केला तरी ग्रंथपालांनी त्यास अडवू नये.

विद्यार्थ्यांनो, शेवटी एक विनंती. ज्यांची आई किंवा आजी वाचू शकत नाही, त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ एकट्याने वाचू नयेत. रात्री जेवणे आटोपल्यावर दहा पाने मोठ्याने वाचावी. विडीच्या सुपाशी बसलेली माउली ऐकता ऐकता हसेल, मधेच आपलीही एखादी आठवण सांगेल. आणि ग्रंथालयातून एका नावावर नेलेले पुस्तक साऱ्या घराचे होईल.