कोयत्याची उचल आणि पोटगी

बीडमधून ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते; मोळ्या बांधून डोक्यावर वाहणाऱ्या बायकोच्या कमाईचा कागद कुठेच नसतो. मग काडीमोडाच्या वेळी पोटगी मागितली की नवऱ्याकडचे विचारतात, ‘त्याला पगार कुठंय?’ हा बचाव दिसतो तितका पक्का नाही. महाराष्ट्रातूनच गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन्ही बाजूंना मिळकतीचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. शेतीवाल्यांसाठी त्यात जमीन, पिकं, जनावरं यांची वेगळी पुरवणीच आहे. पोटगीही अर्जाच्या तारखेपासून धरायची.

‘तीही कोयता चालवते की,’ हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे, रक्कम ठरवताना तिची कमाई बघितली जातेच. पण थोडंफार मिळवते म्हणून बायकोचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या चतुर्भुज विरुद्ध सीताबाई निकालाने २००७ मध्ये स्पष्ट केलं. शिवाय जोडी फुटली की ती उरते ‘अर्धा कोयता’, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा नाक मुरडतो. लहान मुलांचा हक्क तर स्वतंत्रच. आईबापात चूक कुणाची, याच्याशी त्याचा संबंध नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा पोटगीचा अर्ज ती माहेरी राहत असेल तर तिथल्या कोर्टातही चालतो. घटस्फोटितेलाही, पुन्हा लग्न करेपर्यंत, तो करता येतो. मात्र थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत द्यावा लागतो, आणि त्यातला निम्मा काळ तोडीच्या फडात जातो.